समुद्रातले गाजरगवत

पुण्यात १९५५ साली एका परक्या झुडपाची नोंद झाली. पाने गाजराच्या पाल्यासारखी, फुले पांढरी आणि बारीक. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी या देशात उतरले असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या वेळी ते समूळ उपटणे फारसे कठीण नव्हते; परंतु चार मजूर लावून ते उपटावे, इतके महत्त्व त्यास कुणी दिले नाही. पुढची कथा वाचकांस ठाऊक आहे. मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यात, कन्हान नदीच्या खोऱ्यात, रामाकोना नावाचे गाव आहे. २०२३ पासून ते नव्या पांढुर्णा जिल्ह्यात मोडते. राज्य हिंदीभाषकांचे, पण या पट्ट्याची घरची भाषा मराठी आणि ओळख संत्र्यांची. तेथील शेतकऱ्याने आमचा समुद्र पाहिला नसेल, पेडण्याच्या बागायतदाराने सातपुडा पाहिला नसेल. गाजरगवत मात्र दोघांनीही पाहिले आहे. दोघांच्याही बांधावर ते उभे आहे आणि दोघांच्याही अंगाला त्याने खाज सुटते.

जमिनीवरच्या घुसखोराच्या बाबतीत एक बरे असते. तो दिसतो. दिसतो म्हणून शेतकरी ओरडतो, आणि शेतकरी ओरडला म्हणजे उशिराने का होईना, सरकार काही हालचाल करते. गाजरगवताचा पाला खाणारे मेक्सिकोतील भुंगे १९८४ साली बंगळूरला मुद्दाम सोडण्यात आले, ते अशाच ओरडीनंतर. समुद्राची गोष्ट निराळी आहे. वरून पाहणाऱ्यास तो काल होता तसाच आजही दिसतो. नारळी पौर्णिमेला आपण त्यास नारळ अर्पण करतो तेव्हा त्याच्या पोटात कोण नवे येऊन बसले आहे, आणि त्याने कुणाला हुसकावून लावले आहे, हे किनाऱ्यावरच्या गर्दीला कळत नाही. जाळे ओढणाऱ्याला थोडेफार कळते, चिखलात उतरून तिसऱ्या वेचणाऱ्या बाईला त्याहून अधिक कळते. परंतु या दोघांना विचारण्याची आपल्या राज्यकारभारात पद्धत नाही.

मासळी महागली की वृत्तपत्रे लिहितात, पर्ससीन आणि रापण यांच्यातील तंटा पेटला की लिहितात. शिंपल्या-शेवाळाच्या प्रश्नावर अग्रलेख कशास, असे काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. महागाई आणि तंटा ही या दुखण्याची वरवर दिसणारी लक्षणे असू शकतात, आणि मूळ दुखण्याकडे पाहण्याची वेळ टळत चालली आहे.

परके जीव समुद्रात येतात कसे? मत्स्यावताराची कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा कमंडलूत मावेनासा झाला, तळ्यात मावेनासा झाला, नदीत मावेनासा झाला आणि अखेर त्यास समुद्रात सोडावे लागले. पुराणातला तो मासा जगाला तारण्यासाठी वाढला. आजच्या जहाजांच्या पोटातून येणारी इवलाली पिले तारण्यासाठी येत नाहीत. माल उतरवून रिकामे झालेले जहाज तोल सांभाळण्यासाठी आपल्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेते आणि नवा माल चढवण्याच्या बंदरात ते ओतून देते. यालाच बॅलास्टचे पाणी म्हणतात. जगभर दरवर्षी असे अब्जावधी टन पाणी एका समुद्रातून उचलून दुसऱ्यात ओतले जाते, आणि प्रत्येक टाकीत शिंपल्यांची, खेकड्यांची, जेलीफिशची डोळ्यांना न दिसणारी पिले, शेवाळाचे कण आणि रोगजंतू असतात. जहाजाच्या तळाला चिकटून येणारे निराळेच.

गोव्याच्या बाबतीत हा हिशेब विशेष लागू पडतो. खनिज निर्यातीच्या भराच्या काळात, २०१०-११ च्या सुमारास, येथून वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात लोहखनिज बाहेर गेले. ते न्यायला आलेली जहाजे रिकामी येत, आणि रिकामे जहाज म्हणजे पाण्याने भरलेले जहाज. परक्या बंदरांतून भरलेले पाणी येथे सोडायचे आणि आमची माती घेऊन जायचे, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. त्या बंदीने किती घरांतील चूल विझली याची चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु मातीच्या बदल्यात आपण पदरात काय घेतले, याचा हिशेब ना खाणमालकांनी दिला ना कुणी त्यांच्याकडे मागितला. याच मुरगावच्या शेजारी, जुवारीच्या मुखाशी, चिखलीच्या खाडीत, जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना ज्यांची तावदाने बसवीत, ते पातळ पारदर्शक शिंपले आजही मिळतात. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना संरक्षण दिले आहे. माणसापासून ते संरक्षण ठीक. पण खाडीच्या तळावर पसरत जाणाऱ्या परक्या शिंपल्याला कायदा वाचता येत नाही.

परक्या शिंपल्याचे हे भय काल्पनिक नाही. त्याचे पहिले उदाहरण आपल्याच देशातले आणि अर्धशतकापूर्वीचे आहे. मध्य अमेरिकेच्या कॅरिबियन किनाऱ्याकडील, ‘मायटिलोप्सिस सॅली’ या नावाचा काळ्या पट्ट्यांचा बारीक शिंपला १९६० च्या दशकाच्या अखेरीस विशाखापट्टणमच्या बंदरात सापडला, आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या नौदल गोदीत त्याची नोंद झाली. गोड्या पाण्यापासून अतिखाऱ्या पाण्यापर्यंत कुठेही तो जगतो. जहाजांचे तळ, पाण्याचे नळ, धक्क्याचे खांब यांवर त्याचे थर चढतात. आपल्या शास्त्रज्ञांनी त्यावर निबंध लिहिले, आणि तो शिंपला येथेच राहिला.

हाच शिंपला मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराच्या नौकातळावर आढळला. तेथे सहा महिन्यांपूर्वीच पाहणी झालेली होती आणि त्या पाहणीत त्याचा मागमूस नव्हता. म्हणजे पाहुणा सहा महिन्यांतला आहे, हे तेथील अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळले. एवढ्या अवधीत त्याची दाटी एका चौरस मीटरला वीस हजारांच्या वर गेली होती. त्यांनी नौकातळांची दारे बंद केली, शेकडो नौका आतल्या आत अडकवून ठेवल्या, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतले आणि काही आठवड्यांत शिंपल्याचा निःपात केला. त्यांत त्या तळ्यातले बाकीचेही सारे मेले, हे सांगितलेच पाहिजे. उपाय अघोरी होता. परंतु डार्विनच्या बाहेरचा किनारा वाचला. आमच्याकडचे शास्त्रज्ञ कमी बुद्धीचे होते असे कुणी म्हणणार नाही. डार्विनकडे फक्त सहा महिन्यांपूर्वीची एक वही होती. आमच्याकडे ती नव्हती. हा सारा प्रश्न आमच्या मते या एका वहीचा आहे.

दुसरे उदाहरण ताजे आहे आणि आमच्या दाराशी आले आहे. ‘मायटेला स्ट्रिगाटा’ ही अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांवरची, आपल्या शिनाण्यांच्याच कुळातील शिंपली. गेल्या दशकात ती फिलिपाइन्स, सिंगापूर, थायलंड अशी पायऱ्या चढत आली आणि २०१९ मध्ये कोचीच्या खाडीतून तिची नोंद प्रसिद्ध झाली. केरळातल्या खाड्या तपासल्या तेव्हा ती जवळजवळ सर्वत्र पसरलेली दिसली. काही ठिकाणी चौरस मीटरला दहा हजारांहून अधिक. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरातील तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये, भारतात प्रथमच, शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. शेकडो कुटुंबे त्यावर जगतात. त्याच सरोवरात ही पाहुणी शिरली. तेथील लोकांनी तिला ‘वरत्तन कक्का’, म्हणजे उपरी शिंपली, असे नाव दिले. शास्त्रज्ञांनी नाव ठरवण्याआधी मासेमारांनी तिची जात ओळखली होती! पूर्व किनाऱ्यावर चेन्नईजवळ एन्नोर येथे तिला ‘काक्का आळी’ म्हणतात. तेथे नदीच्या पात्रात हाताने चाचपून कोळंबी धरणारे लोक आहेत. ज्या मऊ चिखलात कोळंबी बसते, त्यावर या शिंपलीचा कठीण थर जमला. हात कापू लागले आणि कोळंबी दिसेनाशी झाली. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. कोची ते मुरगाव हा जहाजाचा प्रवास फार तर दोन दिवसांचा आहे.

येथपर्यंतची हकीकत जहाजांची झाली. बदलत्या हवामानाचा हात यात कोठे आहे, हे आता पाहिले पाहिजे. कारण जहाजे शेकडो वर्षे फिरत आहेत, आणि आलेल्या शंभर उपऱ्यांपैकी नव्वद पूर्वीही मरतच होते. परक्या जिवाला नुसते येऊन भागत नाही. त्याला टिकावे लागते, आणि टिकू न देणारे पहारेकरी प्रत्येक समुद्राने ठेवलेले असतात. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे हीच मायटेला १९८६ मध्ये अवतरली होती. वीजकेंद्राच्या नळांत तिने दाटी केली, आणि पुढल्याच वर्षीच्या कडक थंडीत ती नाहीशी झाली. तेथला पहारेकरी थंडी. समुद्र तापला म्हणजे हा पहारेकरी झोपी जातो. भूमध्य समुद्रात हेच घडते आहे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यापासून लाल समुद्रातले जीव तिकडे जात होतेच. परंतु तिकडचा हिवाळा त्यांना सोसत नसे. आता सोसतो. हिंदी महासागरातील विषारी काट्यांचा सिंहमासा २०१२ नंतर सायप्रसच्या किनाऱ्यावर ठाण मांडून बसला आहे. ट्युनिशियात आपल्या निळ्या कुर्लीच्या कुळातील खेकड्याने २०१४ पासून मासेमारांची जाळी इतकी फाडली, की त्यांनी त्याला एका कुप्रसिद्ध दहशतवादी संघटनेचे नाव ठेवले. उपरेपण हा काही कुणाचा जन्मजात दुर्गुण नाही, हेही यावरून दिसते. आमच्याकडचा साधा जीव दुसऱ्याच्या अंगणात जाऊन दैत्य होतो.

आमच्या किनाऱ्याला थंडीचा पहारा कधीच नव्हता. आमचा पहारेकरी पाऊस. आषाढ-श्रावणात मांडवी-जुवारीचे पाणी मुखापर्यंत गोडे होत येते, खाऱ्या पाण्याचे पुष्कळ जीव मरतात किंवा बाहेर सरकतात, आणि भाद्रपदानंतर खाडी पुन्हा वसते. हजारो वर्षांच्या या उठाठेवीशी आमच्या तिसऱ्या, खुबे, कालवे यांनी जमवून घेतले आहे. परंतु हा पहारेकरी आता वेळेवर येत नाही. आला तर एकदम दार फोडून येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. आणि त्याचा संबंध त्यांनी अरबी समुद्रावरून वाहणाऱ्या मोसमी वाऱ्यांच्या वाढत्या चढउतारांशी जोडला. सुरुवातीस आम्ही रामाकोन्याचे नाव घेतले ते गाजरगवतासाठी. पण या अभ्यासातल्या मध्य भारताच्या चौकोनात तेही गाव येते. आमच्या समुद्राची वाफ तिकडे पाऊस होऊन पडते. तेथून कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी अशी वाट काढीत ते पाणी, वाटेतल्या शेतांची खते आणि नागपूरसारख्या शहरांची घाण घेऊन, बंगालच्या उपसागरास मिळते. समुद्र हा केवळ किनाऱ्यावरच्यांचा प्रश्न आहे, असे मानणाऱ्यांनी ही वाट एकदा नकाशावर बोट ठेवून पाहावी.

एकाच आठवड्यात महिन्याचा पाऊस झाला म्हणजे खाडीतले स्थानिक शिंपले घाऊक मरतात, आणि पाठोपाठ पंधरा दिवसांची उघडीप पडली की मोकळ्या झालेल्या खडकावर आधी पोहोचेल त्याची सत्ता. ज्याला गोडे-खारे सारखेच, जो झपाट्याने वाढतो, तो उपरा अशा शर्यतीत सहसा हरत नाही. त्यात चक्रीवादळांची भर. ओखी २०१७ चे, क्यार आणि महा २०१९ चे, निसर्ग २०२० चे, तौक्ते २०२१ चे; पूर्वी बंगालच्या उपसागराचे मानले जाणारे हे संकट अरबी समुद्राने आपलेसे केले. केरळातील ‘वरत्तन’ शिंपली बंदरातून अष्टमुडीत लोटली गेली ती ओखीच्या लाटांनी, असा तेथील शास्त्रज्ञांचा तर्क आहे. हिंदी महासागर १९५० ते २०२० या काळात शतकास सुमारे १.२ अंश सेल्सिअस या वेगाने तापला. आकडा लहान वाटतो. माणसाच्या अंगात एवढा ताप चढला तर आपण वैद्याला बोलावतो.

सर्वच आक्रमक बाहेरून येतात, असेही नाही. काही घरातलेच असतात आणि परिस्थिती बदलली की शिरजोर होतात. रात्री लाटा निळसर उजळल्या म्हणजे किनाऱ्यावर गर्दी जमते, छायाचित्रे घेतली जातात, आणि ‘निसर्गाचा चमत्कार’ म्हणून त्यांचे कौतुक होते. हा प्रकाश बहुधा ‘नॉक्टिल्यूका सिंटिलान्स’ या एकपेशीय जिवाचा असतो. तो आपल्या समुद्राला नवा नाही. परंतु अरबी समुद्रात हिवाळ्यात जे सूक्ष्म वनस्पतिजीव, म्हणजे डायटम, फुलत आणि ज्यांवर मासळीची सारी अन्नसाखळी उभी होती, त्यांची जागा या शतकाच्या आरंभापासून नॉक्टिल्यूकाने मोठ्या प्रमाणावर घेतली आहे. हेल्गा दो रोझारियो गोम्स आणि ज्वाकिम गोएस या, पूर्वी दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केलेल्या, शास्त्रज्ञांनी याचा पाठपुरावा केला आहे. नॉक्टिल्यूकाच्या पोटात हिरवे शैवाल राहते, त्यामुळे तो शिकारही करतो आणि उन्हावरही जगतो. मात्र लहान माशांचे खाद्य असलेले सूक्ष्म प्राणी त्यास फारसे खात नाहीत. त्याला खातात ते जेलीफिश आणि साल्प, म्हणजे ज्यांना बाजारात भाव नाही असे जीव. २०१४ मध्ये या शास्त्रज्ञांनी समुद्रातील कमी होत चाललेल्या प्राणवायूकडे बोट दाखवले, आणि २०२० मध्ये हिमालय-तिबेटवरील घटत्या बर्फाकडे. तिकडून येणारे थंड कोरडे वारे मंदावले, म्हणून हिवाळ्यात समुद्र पूर्वीसारखा घुसळला जात नाही, असे त्यांचे म्हणणे. प्राणवायूच्या कारणाबद्दल इतर शास्त्रज्ञांचा मतभेद आहे आणि तो त्यांनी मोकळेपणाने मांडला आहे. मासेमाराला या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. जेलीफिशने भरलेले जाळे त्याला आजच रिकामे करावे लागते.

मात्र प्रत्येक नव्या माशाला घुसखोर ठरवण्याची घाई कुणी करू नये. पूर्वी तारली ही प्रामुख्याने मलबारची मासळी. समुद्र तापू लागल्यापासून ती उत्तरेला, आमच्याकडे आणि त्याही पलीकडे, सरकली, असे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे निरीक्षण आहे. केरळात २०१२ मध्ये तिची आवक चार लाख टनांच्या जवळ गेली होती, ती २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्या आसपास आली. ही आपलीच भावंडे घर बदलत आहेत. कर्नाटकातील मासेमार एका काळ्या ट्रिगर माशाला ‘कारगिल’ म्हणतात, कारण त्याचे थवे जाळ्यात येऊ लागले ते १९९९ च्या त्या युद्धाच्या सुमारास. तोही या महासागराचाच. पाहुणा, भाऊबंद आणि दरोडेखोर यांत फरक करायचा तर आधी घरात कोण कोण राहते याची यादी हवी, आणि आमचे म्हणणे पुन्हा त्या वहीपाशीच येते.

काही घुसखोरांना तर आपण अनुदान देऊन बोलावतो. ‘कॅप्पाफायकस’ हे आग्नेय आशियातील समुद्रशेवाळ १९८० च्या दशकात आपल्याकडे प्रयोगासाठी आणले गेले आणि पुढे तमिळनाडूत त्याची व्यापारी लागवड सुरू झाली. रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरील कित्येक स्त्रियांना त्यातून चार पैसे मिळाले, हे नाकारून चालणार नाही. परंतु २००८ मध्ये मन्नारच्या आखातातील कुरुसडै बेटापाशी हे शेवाळ लागवडीतून निसटून जिवंत प्रवाळांवर पसरल्याचे प्रसिद्ध झाले. पांघरुणाखाली गुदमरलेला प्रवाळ मरतो. आणि तापलेल्या पाण्याने आधीच पांढरा पडलेला प्रवाळ लवकर मरतो. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्रशेवाळासाठी ६४० कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि किनाऱ्यावरील प्रत्येक राज्याला आता या पिकाची स्वप्ने पडू लागली आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती प्रवाळ आहेत, गोव्यात ग्रँड बेटापाशी आहेत. तेथे शेवाळाची दोरी बांधण्यापूर्वी स्थानिक जातींचाच विचार व्हावा, एवढी मागणी तरी कुणी अव्यवहार्य म्हणू नये.

कायदे नाहीत असे नाही. बॅलास्टच्या पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार फेब्रुवारी २००४ मध्ये झाला. अंमलात यायला त्याला ८ सप्टेंबर २०१७ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि जहाजांवर पाणी शुद्ध करणारी यंत्रे बसवण्याची अखेरची मुदत ८ सप्टेंबर २०२४ ही होती. वीस वर्षांचा हा काळ शिंपल्यांनी वाया घालवला नाही. आपल्या देशापुरते पाहिले तर २००० ते २००४ या काळात जगातील सहा बंदरांत जो पथदर्शी कार्यक्रम झाला त्यात मुंबईचा समावेश होता, आणि दोनापावलच्या संस्थेने पुढे अनेक बंदरांची जीवपाहणी केली. ज्ञान आहे, माणसे आहेत. कांदोळीसमोरच्या समुद्रात ही संस्था १९९० च्या दशकापासून नेमाने पाण्याचे नमुने घेत आली आहे आणि प्राणवायूच्या ऱ्हासाविषयी जगाला जे कळले त्यात या चिकाटीचा मोठा वाटा आहे. नेम असला म्हणजे काय साधते, याचा पुरावा आमच्याच अंगणात आहे. तो नेम एका जागेपुरता आणि एका संस्थेपुरता राहिला, ही तक्रार आहे.

कारभाराची रचनाच अशी, की समुद्रातला उपरा कुणाच्याच खात्यात बसत नाही. बंदर केंद्राचे, मासेमारी राज्याची, प्रदूषण मंडळाचे, जीववैविध्य दुसऱ्या मंडळाचे. मत्स्यखाते टन मोजते. ज्याला भाव नाही ते मोजत नाही. जाळ्यात आलेली अनोळखी वस्तू घेऊन एखादा पागी सरकारी कचेरीत गेला तर त्याला कोणत्या टेबलापाशी पाठवतील? जहाजांची तपासणी बहुतेक ठिकाणी कागदांची होते. टाकीतल्या पाण्याचा नमुना घेऊन तो सूक्ष्मदर्शकाखाली धरणे हे खरे काम. आणि सगळा दोष परदेशी जहाजांवर टाकणेही बरोबर नव्हे. खाणबंदीनंतर आमच्या नद्यांत वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या बार्ज, शेजारच्या राज्यांतून येणारे-जाणारे ट्रॉलर, पर्यटकांच्या नौका, यांच्या तळांवर काय वाढते हे खरवडून पाहण्यास कोणत्याही आंतरराष्ट्रीय कराराची गरज लागत नाही.

आम्ही फार मोठे मागत नाही. प्रत्येक बंदरात, जेटीवर आणि खाडीच्या मुखाशी दोरीला फळ्या टांगून ठेवाव्यात. पावसापूर्वी आणि पावसानंतर त्या वर काढून त्यांवर काय चिकटले आहे ते शास्त्रज्ञाने पाहावे, लिहावे आणि ते लिखाण दरवर्षी मराठीत आणि कोकणीत प्रसिद्ध व्हावे. तिसऱ्या काढणाऱ्या बायका आणि रापणकार यांना या कामाचे मानधन द्यावे. उपकार म्हणून नव्हे, त्यांच्याइतकी खाडी कुणी पाहत नाही म्हणून. अनोळखी जीव आणून देणाऱ्याला पंधरा दिवसांत उत्तर मिळेल, असे बंधन मत्स्यखात्यावर घालावे. एखाद्या पुलाच्या उद्घाटनाच्या मंडपाला जितका खर्च येतो, तितक्यात हे सारे वर्षभर चालेल, असा आमचा अंदाज आहे. तो चुकीचा असेल तर सरकारने खरा आकडा जाहीर करावा.

घाईचे कारण उत्तरेकडे आहे. डहाणूजवळ वाढवण येथील बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटी रुपयांच्या वर आहे, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. बंदर हवे की नको, हा वाद तेथील मासेमार पुष्कळ वर्षे लढत आले आहेत आणि त्यावर आम्ही स्वतंत्रपणे लिहूच. परंतु ज्यांना ते हवे आहे त्यांनाही एक गोष्ट मान्य व्हावी. वाढवणच्या खडकांवर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या तळ्यांत आणि आसपासच्या खाड्यांत आज कोणते शिंपले, कोणते खेकडे, कोणते शेवाळ आहे, त्याची एक पूर्ण यादी तेथील कोळ्यांना बरोबर घेऊन केली पाहिजे. हे काम दोन पावसाळ्यांचे आहे, आणि पहिले मालवाहू जहाज आपल्या टाक्यांतील पाणी घेऊन तेथे लागेल त्याच्या आधीच ते करता येते.